बी विंगमागचं जांभूळ

१७ एप्रिल

झोप येत नाही, तर लिहून ठेवते.

दुपारी वारं सुटलं, धुळीचा लोट आला आणि बी विंगच्या मागच्या जांभळाची फांदी मोडून मंदाकिनीताईंच्या अंगावर पडली. त्या मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. फांदी माझ्या मांडीएवढी जाड. वॉचमन आणि मी मिळून ती बाजूला केली. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाय माझा नाहीये असं वाटतंय." आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, त्यामुळे मोडल्या पायानंही बोलणं स्पष्ट.

मांडीचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. मुलगा हिंजवडीत असतो, इथून फार तर दहा किलोमीटर, पण कंपन्या सुटायची वेळ. तो पोचेपर्यंत एक्सरे, ॲडमिशन, सगळं माझ्यावर. आल्या आल्या विचारलं काय, तर "ते तुमचंच ना झाड?"

सोसायटीचं आहे, मी म्हटलं. पण त्याचंही चुकलं नाही. बारा वर्षांपूर्वी ही सगळी जमीन सासऱ्यांची, आबांची होती. विहिरीच्या कडेनं ओळीत सात जांभळं होती. विहीर बुजवली, सातातली पाच राहिली, आम्हाला तीन फ्लॅट मिळाले. कागदावर झाडं सगळ्यांची आहेत. फांदी पडली की आमची.

घरी आले तर आबांचा पहिला प्रश्न, "कंची फांदी?" माझा ताबा सुटला. "आबा, माणूस मेलं असतं!" ते पानावर येऊन बसले. जेवताना हळूच म्हणाले, "बाई बोलतात न्हवं?"

नवरा माझा, बजरंग, गॅलरीत अंधारात उभा होता. जेवायला चल म्हटलं तर भूक नाही म्हणाला.

२० एप्रिल

सोसायटीची तातडीची सभा. अध्यक्ष दिगंबरराव म्हणाले, "झाडं प्रेमळ आहेत, वाद नाही. पण मिठी मारायला खाली उतरायला लागली तर आपण काय करायचं?" लोक हसले. मंदाकिनीताई हॉस्पिटलात पडलेल्या आणि लोक हसले. ठराव असा की पाचही झाडं काढून टाकायची.

खरं लिहायचं तर माझाही हात वर जात होता. मला या झाडांचं काही नाही. मी नवी पेठेत वाढले, तिथे आमच्या वाट्याला एक तुळस होती. पण मागून कुणीतरी म्हणालं, "फळं गावकऱ्यांनी खायची आणि गाड्या आपण पुसायच्या." माझा हात खाली आला. उभी राहिले आणि भलतंच बोलून बसले. आधी जाणकाराला दाखवू, जे धोक्याचं असेल तेच काढू, सरसकट कापायला ही काय दाढी आहे?

दिगंबरराव म्हणाले, "उत्तम. मग आपणच बघावं. शिक्षिका आहात, सुट्टीही लागलीच आहे. पुढची फांदी पडली की आम्ही आपल्याकडेच येऊ."

बजरंग सभेला होता, पण कापण्याचा विषय निघाल्याबरोबर फोन कानाला लावून बाहेर गेला तो शेवटपर्यंत आला नाही. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, खोलीत अरे. खोलीत आल्यावर म्हटलं, "अरे, तू तरी काही बोलायचंस." तर म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं तोंड घालायला? कापतो म्हणत होते ना? कापू द्यायचं होतं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

माणसाला बाकी कशाचं काही नाही. त्याच मोडल्या फांदीच्या झाडाखाली रोज गाडी लावतो. टपावर डाग, पक्ष्यांची घाण. सतरांदा सांगितलं दुसरीकडे लाव. "जागा नसते." जागा असते. मी वाद घालत नाही.

२७ एप्रिल

जाणकार कुठून आणायचा? आबा म्हणाले, "दादामियाँला इचार."

दादामियाँ म्हणजे स्वारगेटजवळचे बागवान. वर्षानुवर्षं आबांच्या जांभळांचा बहर झाडावरच विकत घ्यायचे. त्यांची मुलगी सलीमा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि झाडांची तपासणीही करते, हे मला आजच कळलं. ती आली आणि म्हातारेही बसनं सोबत आले, आबांना भेटायला.

"काय दत्तोबा, औंदा बहर कुणाला दिला?"

"कुनाला देतू? गाड्यांच्या टपांना."

दोघे बाकावर बसले आणि मेलेल्या माणसांची चौकशी करत राहिले. सलीमा लाकडी हातोडा घेऊन एकेक झाड ठोकत, कान लावत फिरली. आम्ही सुंदर दिसावं म्हणून फरशीचे ब्लॉक अगदी खोडाला टेकवून बसवलेत, ते बघून कपाळाला हात लावला. "हेमाताई, झाडाचा गळा आवळलाय हो तुम्ही. विहीर बुजवली, वर भराव टाकला, त्यावर फरशी. मुळांना हवा कुठून मिळणार, पाणी कुठून?"

चार झाडं राखता येतील. वाळकी लाकडं काढायची, ब्लॉक उचलायचे, पावसापर्यंत पाणी द्यायचं. पाचवं, मंदाकिनीताईंच्या खिडकीसमोरचं, फांदी पडली तेच, राखता येणार नाही. बुंध्याशी बुरशीच्या तपकिरी छत्र्या आल्यात आणि हातोडा मारला की रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो. झुकाव बाकाकडे, इमारतीकडे नाही, पण हमी ती देणार नाही. जूनचं वारं यायच्या आत काढा म्हणाली. तोवर भोवती दोरी बांधा, खाली कुणी बसायचं नाही.

बजरंग कधी नव्हे तो दुपारी घरी आला होता. सलीमाला विचारत होता, टेकू देऊन, तारा बांधून नाही का राहणार? ती म्हणाली, "दादा, टेकू फांदीला देता येतो. इथे बुडातच काही उरलेलं नाही." तो बरं म्हणाला, हात धुतले आणि न जेवता निघून गेला. क्रेनचं काम अंगावर येईल म्हणून धडपड असणार, दुसरं काय. याचा धंदा वाळू-खडीचा, क्रेनवाले सगळे ओळखीचे.

आता आबांना कोण सांगणार? त्याच झाडाखालच्या बाकावर ते रोज बसतात.

३ मे

मंदाकिनीताई घरी आल्या. दिवसा शकू म्हणून एक बाई असते, रात्री कुणी नाही. पलंग हॉलमध्ये, खिडकीशी. मी म्हटलं, आतल्या खोलीत हलवू, खिडकीसमोर ते झाड आहे. "आत पडून काय बघू? कपाट?" शेवटी पलंग खिडकीपासून लांबच्या भिंतीला नेला, तेव्हाही "अहो, जरा इकडे, जरा तिकडे" करत माझी कंबर मोडली. शेवटी असा ठेवून घेतला की खिडकी दिसलीच पाहिजे.

८ मे

फोन. "हेमा, ती दोरी वाऱ्यानं फडफडते, झोप लागत नाही." गेले, घट्ट केली. संध्याकाळी फोन. "हेमा, शकूला चहा जमत नाही, तुम्ही कुठली पावडर आणता?" गेले. काल पंख्याचा आवाज होता, परवा मुंग्या. प्रत्येक वेळी बसा म्हणतात आणि एक तास जातो. त्यांचा पाय आमच्या झाडानं मोडलाय, नाही कसं म्हणू? पण या बाई माझ्यावर सूड उगवताहेत असं वाटायला लागलंय.

सकाळी चार झाडांना पाणी. टँकर अर्ध्यावर आलेत, त्यामुळे नळी लावली की ग्रुपवर लगेच फोटो. आता भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवते आणि बादल्यांनी नेते. शेजारच्या दोघी त्यांचंही ठेवतात दाराबाहेर. तेवढंच.

पाठ गेली आहे.

१२ मे

झाड काढायच्या परवानगीचं पत्र आलं. मला वाटलं होतं महिने लागतील, पण उद्यान विभागाचा माणूस येऊन बघून गेला आणि आठवड्यात पत्र हातात. बजरंगनं सोळा तारखेला क्रेन आणतो म्हणून सांगितलं.

आबांना अजून सांगितलेलं नाही. तोंडाशी येतं आणि परत जातं. दोरी बांधली तरी ते वाकून आत जातात आणि बाकावर बसतात. "आबा, तिथं नका बसू." "बरं." दुसऱ्या दिवशी परत तिथंच. हल्ली तर दुपारचं ऊन उतरायच्या आतच जातात. त्या बाजूला भाजून निघतं माणूस. काल दाढी करून घेतली, आज इस्त्रीचं धोतर मागितलं. झाडाला काय कळणार हो धोतर? पण मला रडूच आलं. कुणीतरी सांगितलं असणार त्यांना. निरोप घेताहेत.

१६ मे

क्रेनचा टायर बसला. एकवीस तारखेला येईल.

खरं सांगू? बरं वाटलं.

१९ मे

आज जिन्यातून ऐकलं. आबा आणि मंदाकिनीताई खिडकीच्या जाळीतून भांडत होते. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या ओरडून बोलतात आणि आबा त्याहून मोठ्यानं. "हे चालणार नाही, आधी ठरलं होतं!" असं त्या म्हणत होत्या. झाडाबद्दलच असणार. एवढ्या वयाच्या माणसाशी असं बोलतात? मी मध्ये पडणार होते, पण दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. वर आले.

जिन्यातून दिसलं, त्यांच्या खिडकीच्या कठड्यावर दोन उष्टे कप तसेच होते. शकूला कप उचलणंही जमत नाही.

आबा संध्याकाळचा चहा नको म्हणतात आता. चौथा-पाचवा दिवस असेल. झाडाच्या काळजीनं अन्न तुटलं म्हाताऱ्याचं, असं बजरंगला म्हटलं. त्यानं पंखा बंद केला, परत लावला. मग म्हणाला, "आबांना सांगितलंस?" नाही म्हटलं. "नको सांगू अजून," म्हणाला.

२१ मे

क्रेनचा ऑपरेटर लग्नाला गावी गेलाय.

सलीमाची माणसं मात्र ठरल्या दिवशी आली आणि चार झाडांची वाळकी लाकडं उतरवून गेली. झाडं न्हाव्याकडून आल्यासारखी दिसतात. ब्लॉक उचलायला दिगंबररावांनी नाही म्हणून सांगितलं. "चिखल होईल. झाड राखायचं म्हणून माणसांनी घसरून पडायचं का? एक पाय झालाच आहे." चिठ्ठीवर चिठ्ठी दिली, दोनदा घरी गेले. उत्तर तेच.

२८ मे

क्रेन खडकवासल्याकडच्या कुठल्याशा कामावर अडकली आहे.

आज मी ओरडले. दुसरा माणूस बघते म्हटलं, नेटवर ढीगभर आहेत. तर बजरंग म्हणाला, अनोळखी माणसं नकोत, बिल्डिंगला लागून काम आहे, उगाच भिंतीवर घालतील. तेही खरं. पण एरवी या माणसाचा शब्द म्हणजे शब्द. पहाटे वाळूचा ट्रक सांगितला तर पहाटे उभा असतो. माझ्या कामालाच कसा याचा टायर बसतो?

मीही पुढे ओढलं नाही. आबांना सांगावं लागलं असतं. हे इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही.

२ जून

फळ पिकलंय. सगळ्यात जास्त त्याच झाडाला. दादामियाँ फोनवर म्हणाले, "जाणारं झाड असंच लगडतं, पोरी." मला ऐकवेना, फोन आबांकडे दिला.

खाली फरशी जांभळी झाली आहे. ग्रुपवर बुटांचे फोटो, टायरांचे फोटो, एका पांढऱ्या कुत्र्याचा फोटो.

मंदाकिनीताईंचा मुलगा आला होता. आईला हिंजवडीला नेतो म्हणाला. त्या म्हणाल्या, "एकविसाव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू? कबुतरांशी?" तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मीच त्यांना धरून ठेवलंय. इथे तरी त्या कुणाशी बोलतात कोण जाणे. माझ्याशी तक्रारी आणि आबांशी भांडणं.

गेल्या आठवड्यात त्यांचे फोनही कमी झालेत. रागावल्या असतील.

नवी तारीख नऊ जून.

५ जून

शाळा उघडण्याआधीची बैठक होती. परतताना रिक्षातच आभाळ पिवळं पडलेलं दिसलं. फाटकातून आत आले तोवर डोळे उघडता येईनात, एवढी धूळ. वर पत्रे वाजत होते. मला एकच सुचलं, आबा कुठे आहेत? ही त्यांची बाकावर बसायची वेळ.

पळाले. इमारतीला वळसा घालत होते तेव्हा तो आवाज आला. मोडल्याचा आवाज असेल असं मला नेहमी वाटायचं. तसा नव्हता. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, लांबलचक. आणि मग पाऊस.

झाड बाकावर आडवं झालं होतं. बाक दिसतच नव्हता. आबांची काठी पानांतून बाहेर आली होती.

त्यानंतर मी काय केलं ते नीट आठवत नाही. फांद्या ओढत होते. "आबा, आबा" म्हणत होते. फांदी हलत नव्हती, फळं मात्र हातात फुटत होती, हात कोपरापर्यंत लाल-जांभळे, त्यात माझं रक्त किती ते कळत नव्हतं. कुणीतरी वरच्या मजल्यावरून ओरडत होतं. मी पोटावर झोपून बाकाच्या फटीत हात घातला. कापड लागेल म्हणून चाचपत होते. नुसता चिखल.

आणि तो आवाज आला, टेलिफोन ऑफिसचा. "हेमा! हेमा, आत या. दार उघडं आहे. आबा इथे आहेत."

आत गेले. आबा खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. हातात पत्ते. मांडीवर शेंगदाण्यांची बशी. मंदाकिनीताई पलंगावर उशीला टेकून, त्यांच्याही हातात पत्ते.

"काठी..." एवढंच मला म्हणता आलं.

"ऱ्हायली बघ बाकाशी," आबा म्हणाले. "वारं सुटलं म्हनून बाईंनी आत बोलावलं. हातात डाव हुता."

मी जमिनीवर बसले आणि किंचाळले. कधी नव्हे ते. रोज सांगते तिथं बसू नका, रोज बसता, दीड महिना मला झोप नाही, तुमच्या झाडासाठी मी सगळ्या सोसायटीशी भांडले, तुम्हाला सांगवेना म्हणून जीव जातोय माझा. सगळं बोलले. आबा पत्ते हातात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "झाडासाठी कोन जातंय, सूनबाई? झाडाला काय बघायचं? त्ये काय बोलतंय व्हय? ह्या बाई दिसभर एकल्या पडून असत्यात. मी बी एकलाच. बाकावरनं खिडकी जवळ पडती."

"मला रमी शिकवताहेत," मंदाकिनीताई म्हणाल्या. "आणि लबाडी करतात. रोज नवा नियम."

"म्हणजे झाड कापलं असतं तरी..."

"म्हातारं झालं हुतं," आबा म्हणाले. "म्हातारं झालं की पडायचंच. मला इचारायचं हुतंस."

शकूनं मला टॉवेल दिला. मंदाकिनीताई तिला म्हणाल्या, "हिला चहा दे. साखर जास्त घाल." मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून चहा प्यायले. त्यांनी माझा हात धरला होता. त्या पडल्या त्या दिवशी मी त्यांचा धरला होता का, ते मला आठवेना.

बजरंगला फोन करून एवढंच म्हटलं होतं की झाड पडलं. तो भिजत, पळत आला. मी खिडकीतून बघत होते. झाडाजवळ आला, त्याला काठी दिसली. मी हाक मारायच्या आत तो खाली वाकलेला, फांद्या उपसतोय, माझ्यासारखाच. "अहो, आबा आत आहेत!" त्यानं वर बघितलं. खिडकीत आबा दिसले. मग तो आहे तिथेच, गटाराच्या कडेला, पाण्यात बसला आणि उठेचना. वॉचमननं उठवलं.

६ जून

सकाळपासून जत्रा. अख्खा बहर हाताच्या उंचीवर आलाय म्हटल्यावर सगळे डबे घेऊन उतरले. टायरांचे फोटो टाकणारेही. पोरांच्या जिभा जांभळ्या, बायकांच्या ओढण्या जांभळ्या. दिगंबरराव स्टीलचा डबा घेऊन आले आणि मला म्हणाले, "फळं उतरल्यावरच झाड पाडायचं, हे आपलं धोरण दूरदृष्टीचं होतं." एरवी मी काहीतरी परत दिलं असतं. आज नाही जमलं.

मुळं बघितली. एवढ्या मोठ्या झाडाला टोपलीएवढी मुळं. बाकीची कुजून गेलेली.

क्रेन आली. बजरंगनं सकाळी एक फोन केला आणि चहा होईपर्यंत क्रेन फाटकात. टायर चारही ठीक, ऑपरेटर हजर.

बजरंग कामावर गेला नाही. पाठ दुखते म्हणाला. दिवसभर खाली उभा राहून ओंडके उचलायला सांगत होता.

८ जून

आज खोलीत विचारलं. दिवा मालवायच्या आधी, सरळच.

"क्रेन खरंच मिळत नव्हती का रे?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणाला, "मिळत होती."

मी दिव्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"सात झाडं होती," तो म्हणाला. "रस्त्यासाठी दोन जातील म्हणाला बिल्डर. कुठली दोन, ते मी दाखवलं. सही आबांची, पण बोट मी दाखवलं. जागा बिल्डरला द्यायचं मीच लावून धरलं होतं तेव्हा, आबा नको म्हणत होते. तेव्हा ठरवलं होतं की उरलेली पाच जाऊ द्यायची नाहीत."

"कुणाला शब्द दिला होतास?"

"कुणाला नाही. माझं मीच."

"मग मला कशाला म्हणालास, कापू द्यायचं होतंस म्हणून?"

"त्यांनी कापलं असतं तर माझ्या हातून झालं नसतं ना."

हे ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. मी म्हटलं, "आबा गेले असते, बजरंग."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तीन दिवस डोळे मिटले की काठीच दिसते."

भांडायचं ठरवून बसले होते. शब्दही तयार होते. पण अंगात काही उरलंच नव्हतं. शिवाय प्रत्येक तारीख चुकली की मलाही सुटल्यासारखं वाटत होतं, ते मी कुठल्या तोंडानं विसरू? तेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू आबांसाठी करत होतीस." मी म्हटलं, "आबा रमी खेळत होते."

तेव्हा तो हसला. मग तोंडावर उशी घेतली. त्याचे खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला, मुंग्या येईपर्यंत.

१४ जून

उद्या शाळा. सुट्टी कुठे गेली ते विचारू नये.

काल समितीची बैठक झाली. मंदाकिनीताईंनी मुलाला मोबाइल धरायला लावून पलंगावरून भाषण केलं. पाय माझा मोडलाय, तेव्हा बोलायचा हक्क माझा पहिला. चार झाडं राहतील आणि त्यांच्या गळ्याचे ब्लॉक निघतील, चिखल झाला तर मी माझा वॉकर धुऊन घेईन. दिगंबरराव म्हणाले, "टेलिफोन एक्स्चेंजशी वाद घालून कुणाला लाइन मिळाली आहे?" ठराव झाला.

तेव्हा आज सकाळी ब्लॉक उचलले. मजूर सांगितले होते, पण ते यायच्या आत बजरंग पहार घेऊन खाली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बनियनवर. ब्लॉकखाली सिमेंटचा थर, त्याखाली विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, कुणाची तरी चप्पल. सलीमा सांगत होती, "हळू, पहार खाली नको, आता हातानं." त्यानं हातानं उकरलं. बऱ्याच खाली काळी माती लागली आणि खोड रुंद होत मुळात जातं ती जागा उघडी पडली. सलीमानं तिथे बोट फिरवलं आणि ओली आहे, जिवंत आहे म्हणाली. बजरंगनंही बोट फिरवून बघितलं.

मंदाकिनीताई वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. आबा त्यांच्या शेजारी नवीन खुर्चीत. दोघांनीही कामात चुका काढल्या.

चौथं झाड झाल्यावर बजरंगनं सलीमाला विचारलं, "आता पडणार नाहीत ना?"

"असं कुणी सांगू शकत नाही, दादा. दर वर्षी वारं यायच्या आधी बघावं लागेल. जे जाणारं असेल ते वेळेवर जाऊ द्यावं लागेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "दर वर्षी बघावं लागेल म्हणतात."

"ऐकलं मी," म्हटलं. "मी बघणार नाही. तुम्ही बघा."

सगळ्यांसमोर म्हटलं. त्यानं हाताची माती पँटला पुसली. "बरं," म्हणाला. "मी बघतो." थोड्या वेळानं परत म्हणाला, "तारीख पण मीच ठरवीन. आणि पाळीन."

मी वर आले. पाय धुतले, पंखा लावला आणि जरा आडवी झाले. आबा सांगतात, दुपारी मोठं वारं आलं होतं, सगळे खिडक्यांत उभे होते, बजरंग भर पावसात खाली होता, चारही झाडं जमिनीपर्यंत वाकून परत उभी राहिली.

मला जाग आली नाही.